पहिल्या आरमाराचा पदच्युत सेनानी

अमेरिकेचे नौदल आज जगातील सर्वांत बलाढ्य नौदलांमध्ये गणले जाते. त्याचा इतिहास वाचू लागले, की अगदी आरंभी इसेक हॉपकिन्स हे नाव भेटते आणि थोड्याच पानांनंतर ते नाहीसेही होते. स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या १३ वसाहतींनी १७७५च्या अखेरीस जे पहिले आरमार उभारले, त्याचे प्रमुखपद हॉपकिन्स यांच्याकडे देण्यात आले होते. या आरमाराने बहामा बेटांवरील नासाऊ या ब्रिटिश बंदरावर स्वारी केली, तेथे सैन्य उतरविले आणि दोन किल्ले ताब्यात घेतले. अमेरिकन सागरी सैनिकांची परकीय भूमीवरील ही पहिली चढाई. परंतु ज्या काँग्रेसने हॉपकिन्स यांना मानाचे पद दिले, तिनेच दोन वर्षांनी त्यांना बडतर्फ केले. यशाचे श्रेय आणि अपयशाचा ठपका एकाच मोहिमेतून पदरी पडलेला असा सेनानी विरळाच.

हॉपकिन्स यांचा जन्म २६ एप्रिल १७१८ रोजी ऱ्होड आयलंड वसाहतीतील सिच्युएट येथील एका शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांतील स्टीफन हे त्यांचे वडील बंधू. पुढे ते ऱ्होड आयलंडचे गव्हर्नर झाले आणि १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी स्वाक्षरीही केली. इसेक यांची वाट मात्र समुद्राकडे गेली. वडिलांच्या निधनानंतर, वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी शेत सोडले आणि प्रॉव्हिडन्स बंदरातून जहाजावरची नोकरी पत्करली. ऱ्होड आयलंड ही आकाराने चिमुकली वसाहत. तिची भरभराट सागरी व्यापारावर अवलंबून होती. कष्टाळू आणि धाडसी तरुणाला तेथे वर चढायला वेळ लागत नसे. थोड्याच वर्षांत हॉपकिन्स कप्तान झाले. १७४१मध्ये न्यूपोर्टच्या डिझायर बरोज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात सात वर्षांचे युद्ध जुंपले, तेव्हा शत्रूची व्यापारी जहाजे पकडण्याचा सरकारी परवाना घेऊन त्यांनी समुद्र पालथा घातला आणि बऱ्यापैकी संपत्ती मिळविली.

या यशस्वी कारकिर्दीतील एक प्रकरण मात्र त्यांच्या चरित्रकारांनी दीर्घकाळ झाकून ठेवले होते. प्रॉव्हिडन्सच्या ब्राऊन घराण्यातील निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस या चार भावांच्या पेढीने १७६४मध्ये ‘सॅली’ हे जहाज गुलामांच्या व्यापारासाठी आफ्रिकेला धाडले. त्याचे कप्तानपद हॉपकिन्स यांनी स्वीकारले. त्यापूर्वी त्यांनी गुलामांची वाहतूक केलेली नव्हती. जहाजात १७ हजार गॅलनहून अधिक रम भरलेली होती. ही दारू देऊन त्या बदल्यात माणसे विकत घ्यायची, असा तो व्यवहार! पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हॉपकिन्स नऊ महिन्यांहून अधिक काळ रेंगाळले. एकेक, दोनदोन करीत त्यांनी १९६ माणसे मिळविली. जहाज किनाऱ्यावर असतानाच त्यांतील काहींचा मृत्यू झाला. एका स्त्रीने गळफास लावून घेतला.

ऑगस्ट १७६५मध्ये जहाज परतीच्या मार्गाला लागले आणि आठवडाभरातच कैद्यांनी उठाव केला. खलाशांनी बंदुका चालवून तो चिरडला. त्यात आठ जणांचा बळी गेला. उरलेल्यांनी जणू जगण्याची इच्छाच सोडून दिली. कोणी समुद्रात उडी घेतली, कोणी अन्न वर्ज्य केले, तर अनेक जण रोगाला बळी पडले. ऑक्टोबरमध्ये जहाज वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटाला लागले, तेव्हा जिवंत राहिलेल्यांची अवस्था इतकी वाईट होती, की बाजारात त्यांना कवडीमोल किंमत आली. या एका सफरीत किमान १०९ माणसे मृत्युमुखी पडली. हॉपकिन्स यांनी या साऱ्याची नोंद हिशेबाच्या वहीत ठेवली. मृत्यूंना क्रमांक दिले. ती वही आजही प्रॉव्हिडन्समध्ये जतन केलेली आहे. आर्थिकदृष्ट्याही ही सफर बुडीत ठरली. ब्राऊन बंधूंपैकी मोझेस पुढे गुलामगिरीचे कट्टर विरोधक झाले. हॉपकिन्स यांच्या बाबतीत असे परिवर्तन घडल्याची नोंद नाही.

दहा वर्षांनी काळ पालटला. एप्रिल १७७५मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे ठिणगी पडली आणि वसाहतींचा ब्रिटिश सत्तेशी सशस्त्र संघर्ष सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये ऱ्होड आयलंडने हॉपकिन्स यांना आपल्या सर्व सैन्याचे प्रमुख नेमले. त्याच महिन्यात, १३ तारखेला, फिलाडेल्फिया येथे भरलेल्या काँग्रेसने दोन जहाजे शस्त्रसज्ज करण्याचा ठराव केला. अमेरिकन नौदल हाच आपला स्थापनादिन मानते. काही आठवड्यांनी, १० नोव्हेंबरला सागरी सैनिकांच्या दलाचीही उभारणी झाली. आरमाराचा कारभार पाहणाऱ्या समितीत स्टीफन हॉपकिन्स यांचे वजन होते. २२ डिसेंबर १७७५ रोजी इसेक हॉपकिन्स यांची आरमारप्रमुख म्हणून नियुक्ती झाली. वेतन ठरले दरमहा १२५ डॉलर. त्यांचे पुत्र जॉन बरोज हॉपकिन्स हेही एका जहाजाचे कप्तान झाले. दुसरे कप्तान अब्राहम व्हिपल हे ऱ्होड आयलंडचेच. १७७२मध्ये ब्रिटिशांचे ‘गॅस्पी’ हे गस्ती जहाज जाळणाऱ्यांचे त्यांनी नेतृत्व केले होते. साहजिकच या नियुक्त्यांत वशिलेबाजीचा वास अनेकांना आला, विशेषतः दक्षिणेकडील प्रतिनिधींना. तथापि ५७ वर्षांच्या हॉपकिन्स यांच्याइतका सागरी अनुभव असलेली माणसे वसाहतींकडे मूठभरच होती, हेही तितकेच खरे.

हे आरमार म्हणजे व्यापारी जहाजांवर तोफा चढवून केलेली तात्पुरती सोय होती. ‘अल्फ्रेड’ आणि ‘कोलंबस’ ही दोन मोठी जहाजे, ‘कॅबट’ आणि ‘अँड्र्यू डोरिया’ ही मध्यम आकाराची, तर ‘प्रॉव्हिडन्स’, ‘हॉर्नेट’, ‘वास्प’ आणि ‘फ्लाय’ ही लहान गलबते, असा आठ जहाजांचा हा ताफा. ‘अल्फ्रेड’ हे प्रमुखाचे जहाज. जॉन पॉल जोन्स हे पुढे अमेरिकन नौदलाचे सर्वांत लाडके वीर ठरलेले अधिकारी त्या वेळी याच जहाजावर लेफ्टनंट होते. ब्रिटिश नौदलाकडे तेव्हा शेकडो युद्धनौका होत्या. तिच्याशी उघड्या समुद्रात सामना करणे म्हणजे आत्मघातच होता.

काँग्रेसने जानेवारी १७७६मध्ये दिलेले आदेश मात्र मोठे महत्त्वाकांक्षी होते. व्हर्जिनियाचे ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी चेसापीक उपसागरात लहानसा ताफा गोळा करून किनाऱ्यावरच्या वस्त्यांना सळो की पळो करून सोडले होते. हॉपकिन्स यांनी प्रथम त्यांचा समाचार घ्यावा, मग कॅरोलिनाचा किनारा मोकळा करावा आणि शेवटी उत्तरेला ऱ्होड आयलंडकडे यावे, असा हा आदेश. परंतु त्यात एक पळवाटही होती. प्रतिकूल वारे, वादळ किंवा अन्य अनपेक्षित अडचणीमुळे हे जमले नाही, तर शत्रूला त्रास देण्यासाठी स्वतःच्या बुद्धीने योग्य वाटेल ते करण्याची मुभा हॉपकिन्स यांना होती. या एका कलमाने त्यांचे पुढील आयुष्य ठरविले.

डेलावेअर नदी गोठल्याने ताफा अनेक आठवडे अडकून पडला. खलाशांत देवीची साथ शिरली. अखेर १७ फेब्रुवारी १७७६ रोजी जहाजांनी शिडे उभारली. दोनच दिवसांनी वादळात ‘हॉर्नेट’ आणि ‘फ्लाय’ एकमेकांवर आदळून ताफ्यापासून दुरावली. हॉपकिन्स यांनी चेसापीककडे वळण्याचा प्रयत्नच केला नाही. उरलेली सहा जहाजे घेऊन ते थेट दक्षिणेला बहामाकडे निघाले. कारण एकच होते, बंदुकीची दारू! बोस्टनला वेढा घालून बसलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्यापाशी ऑगस्ट १७७५मध्ये प्रत्येक सैनिकामागे जेमतेम नऊ फैरी झाडता येतील एवढीच दारू शिल्लक असल्याचे उघड झाले होते. वसाहतींत दारूचे उत्पादन नगण्य होते. दुसरीकडे नासाऊच्या किल्ल्यांत दारूची सुमारे २०० पिंपे पडून असून तेथील नियमित ब्रिटिश तुकडीही हलविण्यात आली होती. बंडखोर हा साठा लुटण्याचा प्रयत्न करतील, असा इशारा जनरल गेज यांनी बहामाचे गव्हर्नर मॉन्टफर्ट ब्राऊन यांना आधीच दिला होता. तरीही बंदोबस्ताची भिस्त स्थानिक नागरी पथकांवरच राहिली.

१ मार्चला ताफा आबाको बेटापाशी पोहोचला. तेथे दोन स्थानिक गलबते पकडण्यात आली आणि एक युक्ती योजण्यात आली. सागरी सैनिकांना या गलबतांच्या पोटात लपवून बंदरात शिरायचे आणि किल्लेदाराला कळण्याच्या आत किल्ला काबीज करायचा. ३ मार्च १७७६, रविवारची पहाट यासाठी निश्चित झाली. पण मोठी जहाजे क्षितिजाआड थांबली नाहीत. उजाडताच नासाऊवासीयांना ती दिसली, किल्ल्यावरून इशाऱ्याच्या तोफा कडाडल्या आणि गनिमी डाव फसला.

हॉपकिन्स यांनी माघार न घेता नवा बेत आखला. ताफा बेटाच्या पूर्व टोकाकडे नेण्यात आला. कॅप्टन सॅम्युअल निकोलस यांच्या हाताखाली दोनशेहून अधिक सागरी सैनिक आणि त्यांच्यासोबत ५० खलाशी तेथे होड्यांतून किनाऱ्यावर उतरले. त्यांना विरोध झाला नाही. पुढे माँटेग्यू किल्ल्याने काही तोफगोळे सोडले, परंतु कोणालाही इजा झाली नाही आणि संरक्षकांनी किल्ला सोडून शहराकडे पळ काढला. निकोलस यांनी तो ताब्यात घेतला, परंतु दमलेल्या सैनिकांना विश्रांती देण्यासाठी रात्र तेथेच काढली. इकडे हॉपकिन्स यांनी रहिवाशांसाठी एक जाहीरनामा पाठविला. आपल्याला केवळ युद्धसाहित्य हवे आहे, प्रतिकार झाला नाही तर कोणाच्या जीविताला वा मालमत्तेला धक्का लागणार नाही, असे आश्वासन त्यात होते. याचा परिणाम झाला. शहरवासीयांची लढण्याची उरलीसुरली उमेदही मावळली.

मात्र त्याच रात्री हॉपकिन्स यांच्या हातून मोहिमेतील सर्वांत मोठी चूक घडली. बंदराच्या तोंडाशी त्यांनी एकही जहाज पहाऱ्याला ठेवले नाही. सारा ताफा पूर्वेकडे नांगरून पडला होता. शहर हातचे जाणार हे ओळखून गव्हर्नर ब्राऊन यांनी काळोखात दारूची दीडशेहून अधिक पिंपे जहाजांवर चढविली आणि ती फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीनकडे रवाना केली. दुसऱ्या दिवशी सकाळी निकोलस यांच्या तुकडीने नासाऊ किल्ला विनासायास जिंकला, त्यावर वसाहतींचे निशाण फडकले, गव्हर्नर कैद झाले. परंतु कोठारे उघडली तेव्हा दारूची केवळ २४ पिंपे शिल्लक होती. ज्या वस्तूसाठी एवढा प्रवास केला, तीच निसटली होती.

तोफांच्या बाबतीत मात्र मोहीम कमालीची यशस्वी ठरली. ८८ तोफा, १५ उखळी तोफा आणि हजारो गोळे हाती लागले. लूट इतकी अवजड होती, की ती जहाजांवर चढवायला दोन आठवडे लागले आणि एक जादा गलबत भाड्याने घ्यावे लागले. शहराची नासधूस झाली नाही. १७ मार्चला ताफा गव्हर्नर ब्राऊन यांच्यासह उत्तरेकडे निघाला. ब्राऊन यांना पुढे अमेरिकन सेनानी लॉर्ड स्टर्लिंग यांच्या सुटकेच्या बदल्यात सोडण्यात आले.

परतीच्या वाटेवर देवी आणि तापाने खलाशी आजारी पडत होते. एप्रिलच्या आरंभी दोन छोटी ब्रिटिश जहाजे हाती लागल्याने हुरूप वाढला. परंतु ६ एप्रिलच्या रात्री ब्लॉक आयलंडजवळ ‘ग्लासगो’ या २० तोफांच्या ब्रिटिश युद्धनौकेशी गाठ पडली. एका नौकेपुढे संपूर्ण ताफा, तरीही ‘ग्लासगो’ निसटली! जहाजे लुटीच्या वजनाने मंदावली होती, अनुभवी खलाशी आजारी होते किंवा पकडलेल्या जहाजांवर विभागले गेले होते. हॉपकिन्स यांनी ताफ्याला एकत्रित हालचालीचे कोणतेही संकेत दिले नाहीत. प्रत्येक कप्तान आपापल्या परीने लढला. ‘कॅबट’वर त्यांचे पुत्र जखमी झाले, तर ‘अल्फ्रेड’चे सुकाणूच निकामी झाले. अमेरिकनांचे १० ठार आणि १४ जखमी झाले, ब्रिटिशांचा एकच जण मृत्युमुखी पडला. ८ एप्रिलला ताफा न्यू लंडन बंदरात पोहोचला आणि दोनशेहून अधिक रुग्ण किनाऱ्यावर उतरविण्यात आले.

प्रारंभी सर्वत्र जल्लोष झाला. काँग्रेसचे अध्यक्ष जॉन हॅनकॉक यांनी अभिनंदनाचे पत्र धाडले. परंतु ‘ग्लासगो’ची हकिकत पसरली, तसे कौतुकाचे रूपांतर संशयात झाले. ‘प्रॉव्हिडन्स’चे कप्तान हॅझर्ड यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालून त्यांना काढण्यात आले आणि त्यांचे जहाज जॉन पॉल जोन्स यांच्याकडे गेले. दक्षिणेकडील प्रतिनिधींचा रोष याहून खोल होता. व्हर्जिनिया आणि कॅरोलिना यांचा किनारा वाऱ्यावर सोडून हॉपकिन्स बहामाला गेलेच कसे, हा त्यांचा प्रश्न होता. नासाऊच्या तोफांपैकी अनेक हॉपकिन्स यांनी कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड यांच्या हवाली केल्याने संताप आणखी वाढला. ऑगस्ट १७७६मध्ये काँग्रेससमोर सुनावणी झाली. जॉन अ‍ॅडम्स यांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडली. या कारवाईमागे उत्तरेविषयीचा आकस आहे, असे त्यांचे मत होते. बडतर्फी टळली, पण काँग्रेसने हॉपकिन्स यांच्या वर्तनाचा निषेध नोंदविला.

पळवाटेचे ते कलम हॉपकिन्स यांच्या बचावाला पुरे पडले नाही. खरे तर फेब्रुवारीतील वादळे, आजारी खलाशी आणि चेसापीकमधील ब्रिटिश जहाजांचे बळ पाहता त्यांचा निर्णय अगदीच अव्यवहार्य म्हणता येत नाही. परंतु आदेशाप्रमाणे प्रयत्न करून मग मार्ग बदलणे आणि प्रयत्नच न करणे, यांत फरक असतो. नवजात प्रजासत्ताकाला तो फरक महत्त्वाचा वाटला. सेनापतीने लोकप्रतिनिधींच्या आज्ञेत राहावे की नाही, हा प्रश्न त्याच्यासाठी नवा आणि नाजूक होता.

यानंतरची घसरण वेगाने झाली. खासगी परवान्याच्या जहाजांवर लुटीचा मोठा वाटा मिळत असल्याने नौदलाला खलाशी मिळेनासे झाले. हॉपकिन्स यांनी या जहाजमालकांना आवर घालण्याचा प्रयत्न केला आणि प्रॉव्हिडन्समधील धनिकांचे वैर ओढवून घेतले. डिसेंबर १७७६मध्ये ब्रिटिशांनी न्यूपोर्ट काबीज केले आणि त्यांचा ताफा प्रॉव्हिडन्सच्या नदीत कोंडला गेला. फेब्रुवारी १७७७मध्ये ‘वॉरन’ या त्यांच्याच जहाजावरील १० जणांनी काँग्रेसकडे तक्रार पाठविली. प्रमुख काँग्रेसविषयी अनुदार बोलतात, कैद्यांना अमानुष वागणूक देतात, असे आरोप त्यात होते. २६ मार्च १७७७ रोजी काँग्रेसने हॉपकिन्स यांना निलंबित केले आणि २ जानेवारी १७७८ रोजी बडतर्फ केले. त्यांच्यानंतर हे पद कोणालाही देण्यात आले नाही.

हॉपकिन्स स्वस्थ बसले नाहीत. तक्रारदारांपैकी सॅम्युअल शॉ आणि रिचर्ड मार्व्हन हे दोघे ऱ्होड आयलंडमध्ये होते. त्यांच्यावर हॉपकिन्स यांनी बदनामीचा दावा ठोकला आणि दोघे तुरुंगात गेले. तेथून त्यांनी काँग्रेसला विनंतीअर्ज केला. ३० जुलै १७७८ रोजी काँग्रेसने एकमताने ठराव केला, की अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाची माहिती देणे हे सेवेतील प्रत्येकाचे कर्तव्य आहे. या दोघांच्या वकिलाचा खर्चही काँग्रेसने उचलला आणि दावा हॉपकिन्स यांच्याविरुद्ध गेला. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा जगातील अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. २०१३पासून अमेरिकेची सिनेट ३० जुलै हा दिवस अशा जागल्यांच्या सन्मानार्थ पाळण्याचे ठराव करीत आली आहे. हॉपकिन्स यांनी सूडबुद्धीने उचललेल्या पावलातून एक उदात्त परंपरा जन्माला आली, हा इतिहासाचा उपरोधच म्हणायचा!

ऱ्होड आयलंडने मात्र आपल्या कप्तानाला अंतर दिले नाही. १७८६पर्यंत हॉपकिन्स तेथील विधिमंडळात निवडून येत राहिले. पुढे ब्राऊन विद्यापीठ म्हणून नावारूपाला आलेल्या महाविद्यालयाचे ते १७८२पासून विश्वस्त होते. २६ फेब्रुवारी १८०२ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १८९७मध्ये प्रॉव्हिडन्समध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. थिओडोरा अ‍ॅलिस रगल्स किटसन या शिल्पकर्तीने तो घडविला. अमेरिकन नौदलानेही आपल्या जहाजांना त्यांचे नाव दिले.

एका शतकाहून अधिक काळाने त्याच शहरात त्यांच्या आयुष्याचे झाकलेले पान उघडले गेले. ब्राऊन विद्यापीठाच्या तत्कालीन अध्यक्षा रूथ सिमन्स या स्वतः गुलामांच्या वंशज. विद्यापीठाच्या उभारणीत गुलामांच्या व्यापाराचा किती वाटा होता, याचा शोध घेण्यासाठी त्यांनी २००३मध्ये एक समिती नेमली. २००६मध्ये या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘सॅली’ची सफर आणि कप्तान हॉपकिन्स यांची हिशेबाची वही त्याच्या केंद्रस्थानी होती. विद्यापीठाने २०१४मध्ये गुलामगिरीच्या बळींचे स्मारकही उभारले.

नासाऊच्या स्वारीने युद्धाचे पारडे फिरविले नाही. परंतु समुद्रावर अजिंक्य मानल्या गेलेल्या साम्राज्याच्या बंदरात शिरून त्याचा गव्हर्नर कैद करून आणता येतो, हा विश्वास तिने वसाहतींना दिला. ज्या माणसाने तो दिला, त्याने स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आरमाराची धुरा वाहिली आणि तत्पूर्वी १९६ माणसांचे स्वातंत्र्य रमच्या पिंपांवर विकत घेतले. १७७८मध्ये काँग्रेसने त्यांना पदावरून दूर केले ते आज्ञाभंग आणि बेशिस्तीपायी. ‘सॅली’वरील १०९ मृत्यूंबद्दल त्यांना त्यांच्या हयातीत कोणत्याही न्यायासनाने जाब विचारला नाही. तो प्रश्न विचारायला त्यांच्या शहराला २०० वर्षे लागली.